बारावीचे नव्वद टक्के आणि मेडिकलची जागा: कोकणातल्या पालकांसाठी एक तुलना

२०२५ च्या बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला आला, ९६.७४ टक्के. लातूर विभाग नऊ विभागांत शेवटचा, ८९.४६ टक्के. तरीही दर जूनमध्ये रत्नागिरी, चिपळूण, कणकवलीची मुलं गाद्या-बादल्या घेऊन मेडिकलच्या तयारीच्या क्लासेससाठी लातूरची वाट धरतात. लातूरहून बारावीसाठी कोकणात आलेलं पोर मी तरी अजून पाहिलेलं नाही.

यात चमत्कारिक काही नाही. निकालाची टक्केवारी एवढंच सांगते की आमच्याकडे सहसा कुणी नापास होत नाही. मंडळ सुरू झाल्यापासून आपण पहिले आहोत, पेपरात फोटो येतात, आनंद आहे. पण मेडिकलच्या जागेच्या रांगेत ‘नापास झाला नाही’ याला किंमत नसते. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. निकालाच्या आठवड्यात पेढ्यांच्या बॉक्सबरोबर एक प्रश्न हमखास येतो: “सर, पीसीबीला नव्वद आहेत. मेडिकलला चालतील ना?” हा प्रश्न दहावीच्या निकालानंतर विचारला तर उत्तराचा काही उपयोग होतो, म्हणून हे लिहितोय.

बारावीचे गुण नेमकं काय करतात

एमबीबीएसला अर्ज करण्यासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी या विषयांत पास असावं लागतं आणि पीसीबी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, मागास प्रवर्गांना ४० टक्के हवेत. झालं. याच्यापुढे बारावीच्या गुणपत्रिकेकडे प्रवेशाच्या यादीत कुणी बघत नाही. ५१ टक्केवाला आणि ९६ टक्केवाला इथे सारखेच. दोन मुलांचे ‘नीट’ या मेडिकलच्या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचे गुण सारखे आले तरी तिढा सोडवायला आधी नीटमधलेच बायोलॉजीचे गुण पाहतात, मग केमिस्ट्रीचे, मग फिजिक्सचे. बारावी तिथेही येत नाही.

आता ५० टक्के म्हणजे काय ते आकड्यात बघा. तीन विषयांचे ३०० गुण, त्यातले ९० प्रॅक्टिकलचे. प्रॅक्टिकलला तीसपैकी अठ्ठावीस मिळणं ही आपल्याकडे रीतच झाली आहे. म्हणजे ८४ गुण हातात. १५० गाठायला लेखीच्या २१० पैकी ६६ लागतात. पहिली पायरी एवढीच उंच आहे.

२०२५ सालानं तर कमालच केली. नीट ४ मे ला झाली आणि बारावीचा निकाल ५ मे ला लागला. ज्या गुणांसाठी मुलं शिमग्यात पालखी घरी आली तरी खोलीचं दार लावून बसली होती, ते गुण हातात पडले तेव्हा मेडिकलची लढाई आदल्या दिवशीच संपलेली होती.

म्हणून सरळ उत्तर: बारावीचे गुण दारातून आत सोडायला पुरतात, जागा देत नाहीत. जागा नीटच्या गुणांवर. हे सरकारी, खासगी, अभिमत, मॅनेजमेंट कोटा, सगळ्यांना लागू आहे. ‘बारावीच्या गुणांवर परदेशात एमबीबीएस’ अशा जाहिराती आपल्या एसटी स्टँडांच्या भिंतींवरही दिसायला लागल्या आहेत. २०१८ पासून परदेशात एमबीबीएस करून भारतात प्रॅक्टिस करायची तरी नीट पात्र असावंच लागतं, आणि परत आल्यावर एफएमजीई नावाची परीक्षा द्यावी लागते, जिच्या बहुतेक सत्रांत निम्म्याहून जास्त जण नापास होतात. जाहिरातीत हे छापत नाहीत.

एकच धडा, दोन पेपर

दोन्ही परीक्षांचा अभ्यासक्रम साधारण एकच आहे, मग बोर्डाचा चांगला अभ्यास केला की नीट आपोआप होईल, असं पालकांना वाटतं. तसं का होत नाही ते एका उदाहरणात दाखवतो.

साधा दोलक घ्या. बोर्डाच्या पेपरात येतं: साध्या दोलकाच्या आवर्तकाळाचं सूत्र सिद्ध करा. आकृती काढायची, गोळ्यावर लागणारी बलं दाखवायची, कोन लहान आहे म्हणून साइन थीटाच्या जागी थीटा घ्यायचा, आणि शेवटी चौकटीत सूत्र. आकृतीला गुण, पायऱ्यांना गुण, शेवट चुकला तरी मधल्या पायऱ्यांचे गुण. पाठ केलेलं व्यवस्थित उतरवणाऱ्या मुलीला पूर्ण गुण मिळतात आणि मिळायलाच हवेत.

नीटमध्ये तोच दोलक असा येतो: लिफ्ट जी छेद तीन त्वरणाने वर जाते आहे, आत टांगलेल्या दोलकाचा आवर्तकाळ किती पट होईल? सूत्र कसं आलं याच्याशी देणंघेणं नाही. लिफ्ट वर जाताना गुरुत्वत्वरण वाढल्यासारखं वागतं, चार-तृतीयांश जी होतं, आवर्तकाळ त्याच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे मूळच्या सुमारे ०.८७ पट. हे सुचायला आणि करायला एक मिनिट. कारण पेपरात १८० प्रश्न आणि १८० मिनिटं. उत्तर चुकलं तर शून्य मिळत नाही, हातचा एक गुण जातो. मधल्या पायऱ्या बरोबर होत्या हे ओएमआर शीटला (पर्यायाचा गोळा काळा करायच्या उत्तरपत्रिकेला) कळत नाही.

ज्या मुलीनं बोर्डात दोलकाला पूर्ण गुण मिळवले ती इथे अडखळते, ती हुशार नाही म्हणून नव्हे, तिला कधी कुणी लिफ्टमध्ये बसवलंच नाही म्हणून. फिजिक्स हेच कोकणातल्या मुलांचं दुखणं आहे. बायोलॉजीला आमची मुलं कुणाला हार जात नाहीत, पाठांतर आणि चिकाटी दोन्ही आहे. ७२० पैकी ३६० गुण बायोलॉजीचे असल्यामुळे फिजिक्स झाकून नेता येईल अशी समजूत होते. थोडं झाकतं, सगळं नाही.

दुसरी गोष्ट अकरावीची. बारावीचा बोर्डाचा पेपर फक्त बारावीच्या पुस्तकावर असतो. नीट अकरावी-बारावी दोन्हींवर. आणि अकरावी म्हणजे आपल्याकडे दहावीच्या दमणुकीनंतरची सुट्टी. त्यातही पुस्तकांची मांडणी वेगळी. आपल्या बोर्डात दोलन हा धडा बारावीला, एनसीईआरटीच्या म्हणजे केंद्राच्या पुस्तकांत तो अकरावीला. श्वसन-रक्ताभिसरण आपल्याकडे बारावीला, तिकडे अकरावीला. नीटचे बायोलॉजीचे प्रश्न तर एनसीईआरटीच्या ओळी उचलून येतात, कधी आकृतीखालच्या मजकुरातून, कधी कोष्टकातून. आपलं बोर्डाचं पुस्तक वाईट नाही, २०२० च्या आसपास बदललं तेव्हापासून ते बरंच एनसीईआरटीच्या जवळ गेलंय. पण ‘जवळ’ असणं चार पर्यायांत फसवतं.

अंदाजपंचे ठोकण्याचाही हिशेब सांगतो, कारण मुलं हा प्रश्न हळूच विचारतात. चारही पर्याय अनोळखी असताना ठोकलं तर चारांत एकदा चार गुण मिळतात आणि तीनदा एकेक गुण जातो. सरासरी प्रत्येक प्रश्नाला पाव गुण. श्रमाच्या मानानं काहीच नाही. पण दोन पर्याय खात्रीनं बाद करता आले तर सरासरी दीड गुण. तेव्हा अर्धवट माहिती असलेला प्रश्न सोडू नये, अजिबात माहिती नसलेल्या प्रश्नात वेळ घालवू नये. हे कुठल्याही बोर्डाच्या सरावात शिकायला मिळत नाही, कारण तिथे चुकीचं लिहिल्याचा दंडच नाही.

मग कुठली परीक्षा ‘खरी’?

एखादे डॉक्टर काका सांगतात, आमच्या वेळी बारावीला पीसीबीत गुण पडले आणि सरळ मेडिकलला गेलो. खरं आहे, नव्वदच्या दशकात तसंच होतं. नंतर राज्याची स्वतःची प्रवेश परीक्षा, सीईटी, आली. नीट २०१३ मध्ये एकदा झाली, त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, २०१६ मध्ये न्यायालयानंच तो निकाल मागे घेतला आणि २०१७ पासून महाराष्ट्रात सगळे प्रवेश तिच्यावर.

बोर्डाच्या गुणांचा दोष उघड आहे. राज्य बोर्ड, सीबीएसई, आयसीएसई यांचे ९० टक्के एकाच मापाचे नाहीत. जर्मनीत हाच वाद २०१७ मध्ये त्यांच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयापर्यंत गेला. तिथे ‘आबिटूर’ या शालान्त परीक्षेच्या गुणांना वैद्यकीय प्रवेशात मोठं वजन होतं. न्यायालयानं म्हटलं की वेगवेगळ्या प्रांतांचे गुण तसेच्या तसे तोलता येणार नाहीत आणि गुणांखेरीजही काही निकष हवेत. २०२० पासून तिथली पद्धत बदलली. ब्रिटनमध्येही ए-लेव्हलला उत्तम ग्रेड लागतातच, पण सोबत यूकॅटसारखी चाचणी आणि मुलाखत असते. म्हणजे या दोन्ही देशांत सगळ्या जागा एकट्या शाळेच्या गुणांवर ठरत नाहीत. फरक इतकाच की त्यांनी ते पूर्ण फेकून दिले नाहीत. आपण दिले.

नीटचे दोषही कमी नाहीत. २०२४ चा गोंधळ ताजाच आहे: पेपरफुटी, आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२०, मग १,५६३ जणांचे वाढीव गुण रद्द, मग त्यांची फेरपरीक्षा, आणि सुधारित यादीत पैकीच्या पैकी गुणांचे १७ जण. तामिळनाडूत २००७ ते २०१६ बारावीच्या गुणांवर प्रवेश होत होते. नीट आल्यावर तिथे नेमलेल्या न्यायमूर्ती राजन समितीनं दाखवलं की सरकारी शाळांतली, तमिळ माध्यमातली मुलं कमी झाली आणि पुन्हा पुन्हा बसणारी वाढली. कोकणातल्या वाडीवरून येणाऱ्या मुलाला हे समजावून सांगायला समितीची गरज नाही. क्लास, टेस्ट सिरीज आणि एक-दोन वर्षं बसून राहण्याची ऐपत या तिन्ही गोष्टींना पैसे लागतात.

आणि नीटचे गुण स्वतःही स्थिर नसतात. २०२४ मध्ये ६०० गुणांना देशात ऐंशी हजारांच्या घरातला क्रमांक होता. खुल्या प्रवर्गात महाराष्ट्रात सरकारी जागाही मिळत नव्हती. २०२५ चा फिजिक्सचा पेपर असा काही आला की देशात पहिल्याला ६८६ गुण, आणि ६०० वाला पहिल्या दीड हजारांत. शेजारच्या ताईला ६०० असून मिळालं नाही, मग तुला ५४० वर कसं मिळेल, असली तुलना घरात कुणी करत असेल तर थांबवा. गुण बघू नका, क्रमांक बघा.

नीट न्याय्य आहे म्हणून तिला मान द्या असं मी म्हणणार नाही. जागा तिच्या ताब्यात आहेत म्हणून द्या.

बोर्डाच्या बाजूनं एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. एमबीबीएसला प्रवेश मिळाला की पुढची सगळी वर्षं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या लेखी परीक्षा असतात. दीर्घोत्तरी प्रश्न, टिपा, नावं दिलेल्या आकृत्या, तोंडी परीक्षा. दोन वर्षं नुसते गोळे काळे करून गेलेली मुलं पहिल्या वर्षाच्या ॲनाटॉमीच्या पेपरात वाक्य जुळवताना घाम गाळतात, हे परत भेटायला येणारी मुलंच सांगतात. ज्यांनी बारावीला व्यवस्थित लिहिण्याची सवय ठेवली त्यांना तिथे फायदा होतो. डमी कॉलेजात नाव घालून प्रॅक्टिकलला तोंड न दाखवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

जागा किती, आणि त्या कोणाच्या

२०१५ मध्ये डेरवणला वालावलकर रुग्णालयाचं कॉलेज सुरू झालं, त्याआधी रत्नागिरी-सिंधुदुर्गात एमबीबीएस शिकायची सोयच नव्हती. नंतर पडव्याला खासगी कॉलेज झालं. सरकारी कॉलेजं अलिबाग आणि सिंधुदुर्गात २०२१-२२ च्या वर्षापासून, रत्नागिरीत २०२३ पासून, प्रत्येकी १०० जागांची. त्यातल्या १५ टक्के अखिल भारतीय कोट्यात जातात, ८५ राज्याला राहतात.

“आता आपल्याकडेच कॉलेज झालं” हे वाक्य मी फार ऐकतो. कॉलेज आपल्याकडे झालं, जागा आपल्या झाल्या नाहीत. पूर्वी राज्यात ७०-३० चं प्रादेशिक सूत्र होतं (७० टक्के जागा त्या विभागातल्याच मुलांना), तेव्हाही कोकण मुंबई-पुण्याबरोबर ‘उर्वरित महाराष्ट्र’ या एकाच गाठोड्यात होतं, त्यामुळे त्याचा आपल्याला वेगळा लाभ नव्हताच. सप्टेंबर २०२० मध्ये ते सूत्रही गेलं. आता सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या किंवा रत्नागिरीच्या जागेसाठी कुडाळची मुलगी आणि लातूरची मुलगी एकाच यादीत. उलट बाजूनं, मिरज आणि कोल्हापूरची जुनी सरकारी कॉलेजं आपल्याला तितकीच खुली आहेत, आणि घाट चढून जाण्याची तयारी असेल तर पसंतीक्रमात ती वर टाकायला संकोच करू नका.

सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांसाठी एक वेगळी सूचना. उपचाराला आपण बांबोळीला जातो म्हणून गोव्याचं मेडिकल कॉलेज आपलंच वाटतं. त्याच्या राज्य कोट्यातल्या जागा गोव्याच्या रहिवाशांच्या आहेत. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत यायचं तर डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावी लागते. काही केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांसारखे मोजके अपवाद सोडून. जवळ पडतं म्हणून अकरावी-बारावी म्हापशाला केली, किंवा क्लाससाठी राजस्थानातल्या कोटा शहरात जाऊन बारावी तिथूनच दिली, तर नीटला कितीही गुण असोत, राज्याची यादी हातची गेली. क्लास कुठेही लावा, बारावी इथूनच द्या.

घरी राहून की लातूर-कोल्हापूरला जाऊन

पैसे आणि झोप दोन्ही इथेच खर्च होतात.

लातूरला मिळतं काय? शिकवण्यातली जादू वगैरे काही नाही. मिळते ती शिस्त आणि गर्दी. शाहू किंवा दयानंद कॉलेजच्या परिसरात सकाळी सातला रस्त्यानं चालणारा प्रत्येक मुलगा तोच अभ्यास करत असतो. मेसमध्ये जेवताना शेजारचा कालच्या टेस्टचे गुण सांगतो. दर आठवड्याला पेपर, दुसऱ्या दिवशी यादी. आमच्याकडच्या कॉलेजात वर्गात पहिली येणारी मुलगी तिथे पहिल्याच टेस्टला तीनशेव्या क्रमांकावर जाते. काहींना हा धक्का मानवतो. काही गणपतीला घरी येतात ती परत जायचं नाव काढत नाहीत.

घरी काय मिळतं? आईच्या हातचं जेवण, झोप, खोलीभाड्याचा नि मेसचा वाचलेला खर्च, आणि रडायला हक्काची जागा. काय मिळत नाही? स्पर्धक. फिजिक्सचा असा माणूस जो शंका घेऊन रात्री नऊला गेलं तरी बसवून समजावेल. पावसाळ्यात चार दिवस लाइट नाही, नेट नाही. ऑनलाइन क्लासची फी भरलेली असते आणि व्हिडिओ फिरत बसतो. शिवाय घर म्हटलं की घर आलं: गणपती, शिमगा, मुंबईहून आलेले चाकरमानी, आणि एप्रिलमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला लागणारे दोन हात. नीट मे महिन्याच्या सुरुवातीला असते, हापूसच्या ऐन हंगामात. बागायतदाराच्या घरातल्या मुलाला मार्च-एप्रिलमध्ये कामातून पूर्ण मोकळं करता येणार नसेल, तर तो घरी राहून नीट देतोय असं म्हणू नका.

माझं मत विचाराल तर अकरावी-बारावी बहुतेकांनी घरी किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी करावी. सोळाव्या वर्षी घर सोडून टिकणारी मुलं कमी असतात, आणि अकरावीचं वर्ष बसायची सवय लावण्यात जातं, ते घरीही लागते. अट एकच: क्लास कुठलाही असो, छापील प्रश्नपत्रिकांची टेस्ट सिरीज हवी, ओएमआर शीटवर, घड्याळ लावून, घरातल्या टेबलाशी नव्हे तर कुठल्यातरी वर्गात बसून. एनसीईआरटीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, नीटचे मागचे पेपरही मिळतात. अकरावीच्या दिवाळीत मुलाला मागच्या एखाद्या नीटमधले फक्त अकरावीच्या शिकवून झालेल्या धड्यांवरचे प्रश्न सोडवायला द्या. उत्तरं स्वतः तपासा. दहावीचे ९४ टक्के जे सांगत नाहीत ते त्या दीड तासात कळतं.

बारावीच्या दिवाळीत पूर्ण पेपर. बायोलॉजीत ३६० पैकी अडीचशेच्या वर जात असेल आणि फिजिक्स निदान शून्याच्या आसपास रेंगाळत नसेल, तर पहिल्याच वर्षी आशा धरायला हरकत नाही. हा माझा वर्गातला ठोकताळा आहे, नियम नव्हे.

आणि बोर्डाचं? जानेवारी संपेपर्यंत नीट, मग बोर्डाचे पेपर होईपर्यंत लिहिण्याचा सराव, मग पुन्हा नीट. बोर्डानंतर सहा-सात आठवडे मिळतात. त्या आठवड्यांत नवीन काही शिकायचं नसतं, पेपर सोडवायचे असतात. जी मुलं बोर्ड संपल्यावर नीट ‘सुरू’ करतात त्यांनी त्या वर्षी फक्त अनुभव घ्यायला जावं.

नाही झालं तर: ड्रॉप की दुसरा कोर्स

आता घर सोडून जायची वेळ येते ती इथे. एक वर्ष ड्रॉप घेऊन लातूरला किंवा कोल्हापूरला जाणं मला अकरावीत जाण्यापेक्षा शहाणपणाचं वाटतं. मूल अठराचं झालेलं असतं, काय येत नाही ते त्याला माहीत असतं, बोर्डाचं ओझं नसतं. पण हे सरसकट नाही. राज्याच्या सीईटी सेलनं (प्रवेश कक्षानं) प्रसिद्ध केलेल्या मागच्या वर्षीच्या यादीत आपल्या प्रवर्गातला शेवटचा क्रमांक बघा. तुमच्या मुलाचा क्रमांक त्याच्या दुपटीच्या आत असेल तर वर्ष द्या. पाच-सहा पट लांब असेल तर वर्षभरात तेवढं अंतर कापणारी मुलं फार थोडी असतात. ती कोण ते त्यांच्या शिक्षकांना आधीच माहीत असतं, त्यांना विचारा.

दुसरा ड्रॉप मी सुचवत नाही. वयाची वरची मर्यादा आता नाही, कितीही वेळा बसता येतं, म्हणूनच थांबायचं कधी हे घरातच ठरवावं लागतं. पहिला ड्रॉप घेतानाच ठरवा, निकालाच्या रात्री नव्हे.

थांबलं तर काय, याचे तीन गट पडतात आणि इथे बारावीच्या गुणांची किंमत पुन्हा दिसायला लागते. पहिला गट नीटवरच: खेडचं दंत महाविद्यालय, सावंतवाडीचं आयुर्वेद महाविद्यालय, होमिओपॅथी, फिजिओथेरपी, पशुवैद्यक. यांना एमबीबीएसच्या मानानं कमी गुण लागतात, पण नीट द्यावीच लागते. दुसरा गट सीईटीचा: बी.फार्म, दापोलीच्या विद्यापीठातलं कृषी, रत्नागिरीत शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, आणि वेगळी सीईटी असलेलं बी.एस्सी. नर्सिंग. तिसरा गट थेट बारावीच्या गुणांवर: डी.फार्म, साधं बी.एस्सी. बोर्डाला ‘काय करायचंय गुण घेऊन’ म्हणून ५५ टक्क्यांवर समाधान मानलेली मुलं याच तिसऱ्या दारात अडतात. त्यामुळे नीटच्या नादात बोर्ड वाऱ्यावर सोडू नका. ७५-८० टक्के ठेवायला जेवढं लागतं तेवढं द्या, त्याहून अधिक तास मात्र नीटचे.

मत्स्य महाविद्यालयाचं नाव काढलं की पालकांचा चेहरा पडतो. समुद्रकाठी राहून मासळीतलं शिकायला कमीपणा कसला वाटतो हे मला कळलेलं नाही. सीईटीचा अर्ज नीटबरोबरच भरून ठेवा, तो पेपर एप्रिलच्या सुमारास होऊन जातो.

पैशाचं थोडक्यात. सरकारी एमबीबीएसची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास, खासगीत अनेक पटींनी. सरकारीत शिकल्यावर एक वर्ष ग्रामीण सेवा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या, मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींना कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून प्रवेश घेतल्यास २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क माफ आहे. मुलीसाठी खासगी जागा नाकारण्याआधी हे तपासा.

आणि कागद. डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला, मागास प्रवर्गासाठी जात वैधता. वैधतेला पणजोबांपर्यंतचे पुरावे लागतात, शाळेचे जुने दाखले गावातल्या शाळेत, महसुली नोंदी तहसीलला, काही मुंबईच्या चुलत्यांकडे. गेल्या वर्षी आमच्या एका मुलीला तिच्या क्रमांकावर सरकारी जागा लागत होती आणि वैधतेची पावती दाखवूनही प्रमाणपत्र मुदतीत आलं नाही. जुलैत तहसीलसमोरची रांग छत्र्यांची असते. अर्ज बारावीच्या गणपतीआधी टाका.